डेबिट म्हणजे डावी बाजू

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला मी अकाउंटन्सीत नापास झाले, तेव्हा आमच्या गावच्या स्टँडवर माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स अजून लटकत होता. बारावीच्या वेळचा. बुक-कीपिंगमध्ये पैकीच्या पैकी मिळवून मी वाणिज्य शाखेत तालुक्यात पहिली आले होते आणि नानांनी तो हौसेने लावला होता. नाना म्हणजे माझे वडील. धुळे तालुक्यातलं आमचं गाव, कापूस आणि कांदा करणारं घर, आणि त्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. उन्हाने फ्लेक्सवरचा माझा चेहरा पांढरा पडला होता, तरी नाना तो कुणाला काढू देत नव्हते.

मला अकाउंट्स येतं असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. मी ते कसं शिकले होते हे कुणी विचारलं नव्हतं. मी गाइड समोर ठेवायचे आणि सोडवलेलं गणित जसंच्या तसं वहीत उतरवायचे. मग पुस्तक मिटून पुन्हा. एखादा आकडा कुठून आला याची मी कधी फिकीर केली नाही. तो पानावर कुठे आहे एवढं मला आठवायचं: उजवीकडे, वरून तिसऱ्या ओळीत, खाली दोन रेघा. गणित मला चित्रासारखं दिसायचं आणि मी ते चित्र काढून यायचे. बोर्डाच्या पेपरात चित्रं ओळखीची आली. मला शाल मिळाली, नारळ मिळाला.

जळगावच्या कॉलेजात आल्यावर पहिल्या दोन वर्षांत माझे मार्क घसरले, पण पास होत गेले. तिसऱ्या वर्षी कंपन्यांचं एकत्रीकरण, विमा दावे, गुंतवणुकीची खाती असं सगळं एकदम अंगावर आलं. एकेक गणित चार-चार पानांचं. चित्रं डोक्यात मावेनाशी झाली. एकाचा उजवा कोपरा दुसऱ्याच्या डाव्या कोपऱ्याला जाऊन चिकटायला लागला.

आम्ही दोघी एका खोलीत भाड्याने राहत होतो. माझी जोडीदारीण पहूरची, शेतकऱ्याचीच मुलगी, माझ्याच वर्गातली. तिने खोलीच्या भिंतींवर गणितांचे साचे चिकटवले होते. एका भिंतीवर नफा-तोटा, एका भिंतीवर ताळेबंद, आरशाच्या बाजूला विमा दावा. सकाळी वेणी घालता घालता ती ते मोठ्याने म्हणायची, आरती म्हणावी तसं, एका सुरात. मी एकदा तिला विचारलं, "हे असं का येतं गं, इथे वजा का करायचं?"

ती कंगवा थांबवून म्हणाली, "मला नको विचारूस. मी 'का' विचारायला लागले ना, तर मला पाठ केलेलंही आठवत नाही. मला पास होऊ दे. माझ्यामागे दोन बहिणी शिकायच्या आहेत."

ती खरंच घाबरली होती. मी पुन्हा विचारलं नाही.

कॉलेजच्या तासाला फार कोणी बसत नसे. सगळे क्लासला जायचे. क्लास म्हणजे एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरचा लांब हॉल, दाटीवाटीने लावलेले बाक, आणि पुढे कॉलर माइक लावलेले सर. ते विलक्षण वेगाने शिकवायचे. गणिताच्या पहिल्या ओळीत कोणता शब्द आला की कोणता साचा लावायचा, हे त्यांनी आम्हाला पक्कं करून दिलं होतं. "विचार करायचा नाही," ते माइकवरून सांगायचे, "विचार केला की वेळ जातो." आम्ही हसायचो आणि तेही वहीत उतरवून घ्यायचो.

त्या सत्राच्या पेपरात पहिल्या ओळीत ओळखीचा शब्द आलाच नाही. मी पेपर उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. माझ्याकडे सगळे साचे होते आणि कोणता लावायचा हे कळत नव्हतं. शेवटी मी एक साचा त्या गणितावर बसवला, आकडे त्याच्यात कोंबले, आणि खाली दोन रेघा मारल्या. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळत नव्हत्या, तरी रेघा मारल्या.

निकाल लागला. पहूरची पास, मी नापास.

घरी मी नानांना फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने ते जळगावला आले. मी त्यांना आणायला स्टँडवर गेले. आईने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. खोली घरमालकाच्या नियमाने पुरुषांना बंद, म्हणून आम्ही तिथल्याच बाकावर बसलो. नाना रागावले नव्हते, तेच मला सहन होत नव्हतं. ते नुसते समजून घ्यायला आले होते, जसे बियाणं उगवलं नाही की दुकानात विचारायला जातात.

"माले सांग बरं," ते आमच्या बोलीत म्हणाले, "त्या पेपरमा काय शे? काय अडस तुनं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. कंपनी, ताळेबंद, एकत्रीकरण. नाना मान हलवत होते आणि त्यांना काही कळत नव्हतं. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला. कापसाचे पैसे बँकेत आल्याचा मेसेज त्यांनी जपून ठेवला होता. त्यातल्या एका शब्दावर त्यांनी बोट ठेवलं.

"हाई काय शे? क्रेडिट?"

मला हायसं वाटलं. हे तरी सोपं होतं. मी म्हणाले, म्हणजे पैसे आले, नाना. जमा झाले.

"तुना पुस्तकमा बी असंच लिखतस का? पैसा उनात का क्रेडिट?"

मी हो म्हणणार होते आणि थांबले. कारण पुस्तकात पैसे आले की रोख खातं डेबिट होतं. ते मी इतक्या वेळा लिहिलं होतं की हात झोपेत लिहील. आणि बँक म्हणत होती क्रेडिट. दोन्ही मला पाठ होतं. दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत हे मला त्या बाकावर पहिल्यांदा दिसलं.

मी खरं ते सांगितलं. आमच्या पुस्तकात उलटं लिहितात.

नाना विचारात पडले. "मंग बँक चुकनी, का तुनं पुस्तक चुकनं?"

नानांनी वाट पाहिली. शेजारच्या फलाटावर चोपड्याची गाडी लागली, माणसं धावली, गाडी गेली.

"इतलं शिकनी तू," ते शेवटी हळूच म्हणाले, "आनि इतलंसं सांगता येत नही?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. भाकरीचं फडकं माझ्या हातात देऊन ते दुपारच्या गाडीने परत गेले. मी खोलीवर जाऊन भिंतींकडे बघत बसले. सगळीकडे आकडे आणि रेघा. जवळजवळ सगळं मला तोंडपाठ होतं आणि त्यातलं काहीही मला येत नव्हतं.

त्या आठवड्यात मी कॉलेजच्या तासाला जाऊन बसले. सर तासिकेवर होते, म्हणजे तासाप्रमाणे मानधन, आणि आमचा तास संपवून मोटारसायकलवरून भुसावळच्या कॉलेजात पळायचे. ते फळ्यावर गुंतवणुकीचं खातं लिहीत होते. मी हात वर केला.

"सर, डेबिट म्हणजे काय?"

वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरच्या मुलांनी बाक वाजवले. सरांना वाटलं मी चेष्टा करते आहे.

"हे तिसरं वर्ष आहे," ते म्हणाले. "अकरावीचा वर्ग खाली आहे."

"मला खरंच विचारायचंय, सर."

"डेबिट म्हणजे डावी बाजू. लिहा पुढे."

"पण डावीच का, सर? आणि बँकेत पैसे आले की क्रेडिट का?"

त्यांनी खडू ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "कारण तसा नियम आहे," असं म्हणून ते फळ्याकडे वळले. पुन्हा हशा. त्या दिवसापासून मला वर्गात 'डावी बाजू' म्हणायला लागले. मी दारातून आत आले की कोणीतरी पुटपुटायचं आणि बाक हसायचे.

तास संपल्यावर सर मला जिन्यात भेटले. हेल्मेट हातात होतं. त्यांनी आजूबाजूला कोणी नाही हे पाहिलं आणि म्हणाले, "विचारू नकोस असं नाही. पण सगळ्यांसमोर नको विचारूस." पुढे आणखी काही म्हणतील म्हणून मी उभी राहिले. ते दोन पायऱ्या उतरले, थांबले, आणि मग उतरूनच गेले. नंतर मला वाटत राहिलं की त्यांनाही ते कोणी सांगितलं नसावं.

पाण्याच्या कूलरपाशी एक मुलगी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. ती आमच्याच वर्गातली, जळगावातल्या एका मारवाडी भुसार व्यापाऱ्याची मुलगी, जिच्याबद्दल सगळ्यांची खात्री होती की अकाउंट्स तिच्या रक्तात आहे. तासाला सर तिला कधी प्रश्न विचारत नसत. तिला येतंच म्हणून. तिची बाटली भरून वाहायला लागली तरी तिने नळ बंद केला नाही.

"मलाही माहीत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"तू विचारलंस ते. मला काहीच कळत नाही त्या विषयात. मी तुझ्याबरोबरच नापास झालेय. कुणाला सांगितलेलं नाही."

मी म्हणाले, "पण तुमचं तर दुकान आहे."

"दुकान आहे ना. तिथे भाऊ बसतात. हिशेब कॉम्प्युटरवर, त्याला एक माणूस ठेवलाय. मी फार तर डबा घेऊन जाते." तिने आता नळ बंद केला. "तुला निदान विचारता तरी येतं. मी विचारलं तर घरचे म्हणतील, आपल्या घरातल्या मुलीला हे येत नाही? क्लासचे सर पण म्हणतात, तू तर झोपेत करशील. मी हसते. काय करणार?"

तेव्हापासून आम्ही दोघी दुपारी कॉलेजच्या एका रिकाम्या वर्गात बसायला लागलो. काय करायचं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. अकरावीचं पुस्तक मिळवलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलो. वाचून तोच अंधार. नियम समोर होता: घेणाऱ्याचं खातं नावे करा, देणाऱ्याचं खातं जमा करा. तो मला अकरावीपासून पाठ होता. मी तो दहा वेळा म्हटला. शब्द भिंतीवर आपटून परत येत होते. मराठी माध्यमात आम्ही 'नावे' आणि 'जमा' शिकलो होतो, कॉलेजात त्यांचं डेबिट-क्रेडिट झालं, आणि मला चारही शब्द सारखेच होते. डावीकडचे आणि उजवीकडचे.

किती दुपारी अशा वाया गेल्या. कधी ती रडायची, कधी मी. एकदा तिने पुस्तक बाकावर आपटलं आणि म्हणाली, "लहानपणी दुकानात आजोबा दिवसभर हेच तर ओरडायचे. गादीवर बसल्या बसल्या. 'इनके नामे लिख दो, इनके नामे लिख दो.' मला वाटायचं त्यांना दुसरं काही बोलता येत नाही."

"काय लिहायचे नामे?"

"माल. कोणी गूळ नेला, तेल नेलं, की त्याच्या नामे."

मी पुस्तकातल्या 'नावे' या शब्दावर बोट ठेवलं. मग मी म्हणाले, "नामे. नावे. म्हणजे नाव."

"म्हणजे त्याच्या नावावर."

"त्याने नेलं, म्हणून त्याच्या नावावर टाकलं." मी उठून उभी राहिले. "आणि आणून दिलं की त्याचं जमा. एवढंच? एवढंच आहे का हे?"

"मग रोकड?" ती घाईने म्हणाली. "पैसे आले की रोकड नावे का?"

"गल्ला पण एक माणूस समज. पैसे गल्ल्याने घेतले. गल्ल्याच्या नावे."

आम्ही वर्गातल्या खडूने फळ्यावर माणसं काढली. एक गल्ला नावाचा, एक माल नावाचा, एक गिऱ्हाईक, एक बँक. बाण काढले. प्रत्येक वेळी एकच विचारायचं, कोणी घेतलं? मग मला नानांचा मेसेज आठवला. बँक तिच्या स्वतःच्या वहीत लिहीत होती. तिच्या वहीत नाना म्हणजे पैसे आणून देणारे, म्हणून नानांचं जमा. नानांनी स्वतःची वही लिहिली असती तर त्यात बँक घेणारी, म्हणून बँकेच्या नावे. बँकही चुकली नव्हती आणि पुस्तकही. दोन वह्या होत्या, आणि वही कोणाची हे आम्हाला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

ती बाकावर डोकं ठेवून हसत होती. मीही हसत होते. शिपाई दारात येऊन बघून गेला. अकाउंट्स शिकताना मला आनंद झाल्याचा तो एकच दिवस मला आठवतो.

पण आमच्याकडे वेळ नव्हता. परीक्षा तोंडावर आली होती आणि आम्ही अकरावीच्या पहिल्या धड्यात होतो. प्रत्येक गणित आता मला नव्याने बघावं लागत होतं. जे पूर्वी भराभर लिहून व्हायचं त्याला एकेक दुपार लागायला लागली, कारण प्रत्येक ओळीला मी थांबून विचारत होते, हे कोणी घेतलं, ही वही कोणाची. क्लासच्या सरांना मी सांगून पाहिलं की मी समजून करते आहे, थोडा वेळ लागतोय. ते चांगले होते, माझ्यावर चिडले नाहीत. "समजून घ्यायचं ते नोकरी लागल्यावर घे," ते म्हणाले. "आता पेपर सोडवायला शिक."

पेपरात कंपन्यांच्या एकत्रीकरणाचं गणित आलं. मी ते वाचलं आणि मला ते कळलं. खरंच कळलं, एक कंपनी दुसरीला काय देते आहे आणि बदल्यात काय घेते आहे हे मला दिसत होतं. मी माझ्या पद्धतीने एकेक नोंद करत गेले. माझ्या बाजूची मुलगी पुरवणीवर पुरवणी मागत होती. तिचा पेन थांबतच नव्हता. मी ताळेबंदापर्यंत आले तेव्हा दोन बाजूंत फरक होता, आणि पूर्वीसारख्या नुसत्या रेघा मारून पुढे जाणं मला जमेना. मी मागे जाऊन चूक शोधायला लागले. चूक सापडली, पण घंटा झाली. दोन प्रश्न मी वाचलेही नव्हते.

बाहेर व्हरांड्यात व्यापाऱ्याची मुलगी भेटली. माझी नजर टाळत होती.

"मी पाठ केलेलंच लिहिलं," ती म्हणाली. "सुरुवात आपल्या पद्धतीने केली, पण भीती वाटायला लागली. मग साचाच आठवला तो उतरवला. तुला राग आला?"

मी नाही म्हणाले. राग नव्हता.

ती पास झाली. मी पुन्हा नापास. निकाल मी मोबाइलवर बघितला तेव्हा धुळ्याच्या एस.टी.त होते, सुट्टीला घरी निघालेली. एरंडोल मागे पडलं होतं. मी नापासाचं ते अक्षर बघितलं, मोबाइल बंद केला, परत चालू करून पुन्हा बघितलं. मला वाटलं आता मी गावच्या स्टँडवर उतरू शकणार नाही. त्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याखालून चालत जाणं मला शक्य नव्हतं. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी पिशवी घेऊन उतरले. कुठे जायचं हे ठरवलं नव्हतं. बाकावर बसले. गाडी गेली. पुढची आली, तीही गेली. एका बाईने मला विचारलं, कुठे जायचंय, पोरी? मी पिशवी जवळ ओढून घेतली. उन्हाचा पट्टा सरकत माझ्या पायांवर आला, मग गुडघ्यांवर, तरी मी जागची हलले नाही. आता मी काहीच नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं. जे येत होतं असं वाटायचं ते येत नव्हतं, आणि जे यायला लागलं ते कुणाला नको होतं.

नानांचा फोन आला. मी तीन-चार वेळा वाजू दिला. मग उचलला.

"कोठे शे तू? गाडी तं कव्हयनी ई गयी."

माझी गाडी गावात केव्हाच येऊन गेली होती. मी पारोळा एवढंच म्हणाले. नानांनी काय ऐकलं कोण जाणे.

"तठेच बस," ते म्हणाले. "मी येस."

ते शेजाऱ्याची मोटारसायकल घेऊन आले. केसांत धूळ, अंगात शेतातलाच सदरा. काही न विचारता त्यांनी मला समोरच्या टपरीवर नेलं, चहा सांगितला, आणि मी पहिला घोट घेईपर्यंत बघत राहिले.

"नापास?"

मी मान हलवली.

"जेवनी का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी वडापाव मागवला. तो खाता खाता मला रडू फुटलं आणि मी एकदम त्यांना त्या मेसेजचं सांगायला लागले. का, ते माहीत नाही. आमच्या आपसातल्या बोलीत, हुंदके देत, बँकेची वही वेगळी आणि आपली वही वेगळी, बँकेच्या वहीत तुम्ही देणारे, आपल्या वहीत बँक घेणारी. नाना चहा खाली ठेवून ऐकत होते. मधे त्यांनी एकदा विचारलं, मग आपण पैसे काढले तर? मी म्हणाले, तुम्हीच सांगा. त्यांनी डोळे बारीक केले, टेबलावर बोटाने इकडून तिकडे रेघ ओढली आणि बरोबर सांगितलं.

"हाई तं माले बी समजनं," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा गोंधळला. "मंग तुले येस ना! येस, तं मंग नापास कशी?"

वेळ पुरला नाही, असं मी म्हणाले. नाना चहाच्या ग्लासकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हतबल कधी पाहिलं नव्हतं. मला येत नाही हे त्यांनी सोसलं असतं. येतं आणि तरीही नापास, याचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं.

"आते काय करशी?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, पाठ करीन.

आणि केलं. पुढच्या सत्रात पहूरची जोडीदारीण कोर्स संपवून गावी गेली होती, पण तिचे साचे भिंतींवर होते. मी ते सकाळ-संध्याकाळ म्हटले. क्लासला पुन्हा पैसे भरले, पहिल्या बाकावर बसले. गणित वाचताना हे कोणी घेतलं असा प्रश्न मनात आला की मी तो बाजूला सारायचे, दारातल्या माणसाला नंतर या म्हणतात तसं. पेपरात मी कुठेच थांबले नाही. एका गणितात बेरजा जुळल्या नाहीत तर तिथे रेघा मारून पुढच्यावर गेले. मी पास झाले, चांगल्या मार्कांनी. मला आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मी नानांना फोन केला आणि दोघंही फोनवर रडलो.

व्यापाऱ्याची मुलगी आता अधूनमधून दुकानात बसते. तिने हट्ट करून गल्ल्याशेजारी एक खुर्ची मिळवली. फोनवर म्हणते, भाऊ अजून कॉम्प्युटरला हात लावू देत नाहीत, पण मी बघत असते. तिच्या आवाजात जोर असतो. मला तो ऐकायला आवडतो.

मी धुळ्यात देवपूरला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला शिकवते आणि बाहेरून एम.कॉम. करते. लागले तेव्हा पहिले काही तास मी फळ्यावर माणसं काढली, बाण काढले. मुलं उत्साहाने ओरडून उत्तरं देत होती. मग पालकांच्या ग्रुपवर मेसेज यायला लागले की बाजूच्या क्लासमध्ये दुसरा धडा संपला. क्लासच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला, पाणी दिलं, आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही छान शिकवता. पण दिवाळीच्या आत निम्मा कोर्स झाला पाहिजे. नाहीतर ही बॅच माझ्या हातातून जाईल." ते खोटं बोलत नव्हते. माझ्या वर्गातली दोन मुलं आधीच बाजूच्या क्लासला गेली होती. मी आता साचे लिहिते. अधल्यामधल्या पाच मिनिटांत जेवढं सांगता येतं तेवढं 'का' सांगते, आणि बरीच मुलं त्या पाच मिनिटांत पेनला टोपण लावतात.

परवा भागीदारीचा धडा संपला. तास सुटल्यावर एक मुलगी वही छातीशी धरून माझ्यापाशी आली. बोदवडकडची आहे, मामाकडे राहून शिकते, तासाला एकही शब्द गाळत नाही. तिने सगळी गणितं पाठ केली होती आणि मला म्हणून दाखवायची होती. उभ्या उभ्या तिने एक म्हटलं, आकड्यांसकट, एकदाही न अडखळता. मग जरा घाबरून विचारलं, "मॅडम, परीक्षेत भागीदारांची नावं बदलतील का?"

"बदलतील," मी म्हणाले. "आकडेही बदलतील."

तिचा चेहरा उतरला. ती नाव बघून गणित ओळखत होती. "मग आम्ही कसं ओळखायचं, कोणतं आहे ते?"

मी तिला खाली बस म्हणाले. माझ्या हातात खडू होता. एवढ्यात दारात पुढच्या बॅचची मुलं गोळा झाली आणि आत घुसून बाक पकडायला लागली. मालकांनी काचेतून बघितलं. मी तिला म्हणाले, "उद्या अर्धा तास आधी येशील का?"

ती म्हणाली, "उद्या माझा इंग्लिशचा क्लास असतो, मॅडम." आणि वही पिशवीत घालून ती गर्दीतून वाट काढत निघून गेली.